पडद्यामागच्या अकराजणी : आइसलंडच्या सागा-वाङ्मयांतील गुलाम

आइसलंडच्या सागा-वाङ्मयाविषयीं आम्हांस विद्यार्थिदशेपासून मोठा आदर वाटत आला आहे. इंग्रजी विषय घेऊन पदवीधर झालेल्या आमच्यासारख्यांची उत्तरेच्या या लोकांशीं पहिली ओळख बहुधा कार्लाइलच्या द्वारें होते. त्यानें १८४० सालीं विभूतिपूजेवर जीं व्याख्यानें दिलीं, त्यांतील पहिलेंच ओडिन देवावर आहे. पुढें विल्यम मॉरिसनें एका आइसलंडी विद्वानाच्या साह्यानें केलेलीं भाषांतरें हातीं पडतात आणि एक निराळेंच जग दृष्टीस पडतें. राजा नाहीं, दरबार नाहीं, भाट नाहींत. समुद्राकांठीं वा दरींत एकेकटीं वसलेलीं शेतकऱ्यांचीं घरें, त्यांचीं वैरें, त्यांचे खटले, आणि ९३० सालापासून दर उन्हाळ्यांत उघड्या माळावर भरणारी त्यांची आल्थिंग नांवाची सभा. या कथा बहुतेक तेराव्या शतकांत लिहिल्या गेल्या. त्यांतील माणसें मात्र नवव्या-दहाव्या शतकांतलीं, म्हणजे व्हायकिंग काळांतलीं आहेत. थोडें बोलणारीं, मरणास न भिणारीं आणि कोणापुढें मान न वांकविणारीं अशीं तीं माणसें वर्गांत शिकवितांना 'हें स्वतंत्र शेतकऱ्यांचें वाङ्मय आहे' असें वाक्य आम्ही वीस-पंचवीस वर्षें उच्चारीत आलों. तें वाक्य अर्धेंच खरें आहे, हें कबूल करण्यासाठीं प्रस्तुत लेख लिहीत आहों.

निमित्त लहान आहे. गेल्या वर्षीं वर्गांत आम्ही लाक्सडेला सागेंतील होस्कुल्डची कथा सांगत होतों. होस्कुल्ड हा आइसलंडांतील एक मातबर गृहस्थ. घरासाठीं इमारती लाकूड आणावयास तो नॉर्वेस जातो आणि राजाच्या उपस्थितींत ब्रेनेयार बेटांवर भरलेल्या मोठ्या मेळ्यांत सांपडतो. तेथें सर्वांपासून अलग असा एक शोभिवंत तंबू आहे. त्यांत रशियाकडे व्यापार करणारा गिल्ली नांवाचा धनिक बसला आहे. विकत घेण्याजोगी एखादी बटीक आहे काय, असें होस्कुल्ड विचारतो. गिल्ली तंबूंत आडवा लावलेला पडदा वर करितो. पलीकडे बारा स्त्रिया ओळीनें बसलेल्या आहेत. प्रत्येकीची किंमत एक मार्क, म्हणजे सुमारें अठरा तोळे चांदी. तंबूच्या कडेला जुनेऱ्यांत बसलेल्या एकीचा भाव मात्र तीन मार्क. ती मुकी आहे, हेंहि गिल्ली प्रामाणिकपणें सांगून टाकतो. होस्कुल्ड आपल्या कमरेची पिशवी तोलावयास देतो. ती बरोबर तीन मार्क भरते. या एका वाक्यांत दैव कसें डोकावतें, हें आम्ही दर वर्षींप्रमाणें रंगून सांगत होतों. इतक्यांत मागच्या बांकावरील एका विद्यार्थिनीनें विचारलें, "सर, बाकीच्या अकराजणींचें काय झालें?" आम्ही म्हणालों, "कथेला त्यांची गरज नाहीं." वर्ग हंसला. ती मुलगी हंसली नाहीं. आमचें उत्तर चुकीचें होतें असें नव्हे. तें बरोबर होतें, आणि म्हणूनच तें आम्हांस आजवर टोंचत राहिलें आहे.

या विषयांत भाषांतरकाराची पहिली अडचण शब्दाची असते. मूळ नॉर्स भाषेंत गुलाम पुरुषास 'थ्राल' व स्त्रीस 'आम्बाट' म्हणत. 'थ्राल' हा शब्द इंग्रजींत गेला आणि तेथें मवाळ होत होत आतां त्यापासून झालेलें क्रियापद एखाद्या गाण्यानें मन मोहून जाणें एवढ्याच अर्थीं उरलें आहे. इंग्रजींतील रूढ शब्द 'स्लेव्ह' हा तर स्लाव्ह लोकांच्या नांवावरूनच निघाला. पूर्व युरोपांतील ते लोक मध्ययुगांत इतक्या संख्येनें विकले गेले कीं त्यांचें नांव तेंच त्यांच्या दशेचें नांव होऊन बसलें. मराठींत आपण 'दासी' हा शब्द सहज वापरतों. परंतु 'नामयाची दासी' म्हणविणाऱ्या जनाबाईनें त्या शब्दाला जो भक्तीचा सुगंध दिला आहे, तो ब्रेनेयारच्या तंबूंत शोभत नाहीं. आमचे पूर्वज या बाबतींत अधिक स्पष्टवक्ते होते. पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणी विकत घेतल्याच्या नोंदी आहेत, आणि तेथें 'कुणबीण' व 'बटीक' हे शब्द जसे कोरडेपणानें आले आहेत तसेच ते येथें हवेत. वर्गांत आम्ही 'दासी' म्हणत होतों. हा दोष लहान नाहीं. शब्द गोड झाला कीं वस्तु डोळ्यांआड होते.

व्हायकिंग समाजाची स्वतःच्या उच्चनीचतेविषयीं काय समजूत होती, हें पाहावयाचें तर 'रीग्सथूला' नांवाचें काव्य उघडलें पाहिजे. स्नोरीच्या एड्डा-ग्रंथाच्या चौदाव्या शतकांतील एका हस्तलिखितांत तें सांपडतें. शेवट तुटलेला आहे, आणि त्याच्या रचनाकालाविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. कथा अशी : हेइम्डाल देव 'रीग' हें नांव घेऊन पृथ्वीवर फिरतो. प्रथम तो एका गरीब जोडप्याच्या झोंपडींत उतरतो. त्यांचीं नांवें 'पणजोबा' आणि 'पणजी' अशा अर्थाचीं आहेत. कोंड्याची जाड भाकरी खाऊन तो तीन रात्री त्या दोघांच्या मध्यें निजतो, आणि नऊ महिन्यांनीं पणजीला मुलगा होतो. त्याचें नांव थ्राल. पुढें 'आजोबा' आणि 'आजी' यांच्या घरीं हाच प्रकार होऊन कार्ल, म्हणजे स्वतंत्र शेतकरी जन्मतो. शेवटीं 'बाप' आणि 'आई' यांच्या प्रशस्त दालनांत तागाच्या पांढऱ्या वस्त्रावर गव्हाची पातळ पोळी, चांदीचीं ताटें आणि मद्य यांचा पाहुणचार होऊन यार्ल, म्हणजे सरदार जन्मास येतो. थ्राल काळसर, सुरकुतलेल्या हातांचा, जाड बोटांचा, पाठींत वांकलेला. कार्ल लालबुंद, टवटवीत. यार्ल सोनेरी केसांचा, आणि त्याची नजर सापाच्या पिल्लासारखी तीक्ष्ण.

वर्ण शब्दाचा मूळ अर्थ रंग हा आहे, हें जाणणाऱ्या वाचकास येथें जें सुचेल तेंच फ्रेंच पंडित जॉर्ज द्युमेझिल यांस सुचलें. त्यांनीं या काव्याचा विचार इंडो-यूरोपीय समाजरचनेच्या अनुषंगानें केला आहे. परंतु तुलनेच्या आनंदांत काव्यांतलीच एक गोष्ट निसटूं देऊं नये. तिन्ही मुलांचा बाप एकच देव आहे. तरी रीग परत येतो तो फक्त यार्लकडे. त्यालाच रूनलिपि शिकवितो, त्यालाच आपलें नांव देतो, त्यालाच 'पुत्र' म्हणतो. कार्लची वधू कमरेला किल्ल्या लावून वाजतगाजत घरीं आणली जाते. थ्रालच्या घरीं मात्र एक स्त्री आपली चालत येते. तिच्या पायांना चिखल आहे, हात उन्हानें भाजले आहेत, नाक बसकें आहे. लग्नाचा शब्द नाहीं, विधि नाहीं, नात्यागोत्याचा माणूस नाहीं. त्यांच्या मुलांचीं नांवें ऐकावीं : गोठ्यांतला, ओबडधोबड, गोमाशी, घाणेरडा, वांकलेला, मुलींत एक चिंधी आणि एक बगळ्याच्या पायांची. आपण गाईबैलांनाहि याहून बरीं नांवें ठेवतों. ही मुलें कुंपणें घालतात, शेतांत खत टाकतात, डुकरें पोसतात, बकऱ्या राखतात, जळणासाठीं पीट खणतात. आणि तरी कवीनें त्यांच्या मातापित्यांना पणजोबा-पणजी म्हटलें आहे, म्हणजे समाजांतील सर्वांत आधीचें घर तेंच ठरविलें आहे. यार्लच्या ताटांतल्या गव्हाच्या मुळाशीं थ्रालनें टाकलेलें खत आहे, एवढें या श्रीमंतांच्या कवीला ठाऊक होतें. तें ठाऊक असूनहि त्यास त्या घराचें हंसूंच आलें.

काव्य म्हणतें कीं गुलाम जन्मतो. इतिहास सांगतो कीं पुष्कळदां तो पकडून आणावा लागतो. अल्स्टरच्या आयरिश बखरींत ८२१ सालच्या नोंदींत डब्लिनजवळच्या होथ येथून पुष्कळ स्त्रिया धरून नेल्याचा उल्लेख आहे. डब्लिन येथें ८४१ सालीं या लोकांनीं ठाणें दिलें, आणि तेथें गुलामांचा मोठा बाजार उभा राहिला. ८७१ सालीं दोन नॉर्स सरदार दोनशें गलबतें घेऊन स्कॉटलंडकडून तेथें परतले. त्या गलबतांत अँगल, ब्रिटन व पिक्ट लोकांचा मोठा लोंढा कैद करून आणलेला होता. नवव्या शतकांतील फिंदान नांवाच्या आयरिश संताचें चरित्र उपलब्ध आहे. त्याच्या बहिणीस व्हायकिंगांनीं पळविलें. बापानें खंडणी देऊन तिला सोडवून आणावयास त्याला पाठविलें, तों त्यालाच बेड्या पडल्या. त्या वेळीं सुटला तरी पुढें पुन्हां धरला जाऊन तो एका धन्याकडून दुसऱ्याकडे विकला गेला. शेवटीं ऑर्कनी बेटांत एका खडकाखालीं दडून त्यानें सुटका करून घेतली. बहिणीचें काय झालें तें चरित्रकार सांगत नाहीं. पूर्वेकडे रशियाच्या नद्यांवाटे हाच माल अरबी बाजारांकडे जात असे; गोटलंड बेटाच्या मातींतून निघालेलीं हजारों अरबी चांदीचीं नाणीं हीं कांहीं केवळ केसाळ कातड्यांच्या मोबदल्यांत आलेलीं नव्हेत.

या साक्षीला अलीकडच्या काळांत जमिनींतील साक्षहि मिळाली आहे. नॉर्वेच्या उत्तरेस लोफोटेन बेटांत फ्लाकस्टाड येथें कांहीं व्हायकिंग थडग्यांत एका सबंध देहाशेजारीं डोकें नसलेले देह आढळले. त्यांच्या हाडांच्या रासायनिक परीक्षेचा निष्कर्ष २०१४ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. शीर नसलेल्यांचें अन्न सबंध देहांच्या अन्नाहून निराळें होतें. त्यांच्या वांट्यास मासळीच अधिक येत असे. ते धन्याबरोबर पुरलेले गुलाम असावेत, असें संशोधकांचें अनुमान आहे. रीग्सथूलेंतील तीन घरांचीं तीन जेवणें ही कविकल्पना नव्हती तर! त्याचप्रमाणें आजच्या आइसलंडी लोकांच्या आनुवंशिक परीक्षेवरून असें दिसून आलें आहे कीं त्यांच्या आद्य पुरुषांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश स्कँडिनेव्हियांतले, तर आद्य मातांपैकीं निम्म्याहून अधिक आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या होत्या. त्या सगळ्याच गुलाम होत्या असें म्हणतां येणार नाहीं. कांहीं लग्नाच्या बायका म्हणूनहि आल्या असतील. परंतु बाप एका देशाचे आणि आया दुसऱ्या देशाच्या, अशी एक सबंध प्रजा कशी निर्माण होते, याचा विचार करतांना गिल्लीचा पडदा आठवल्याशिवाय राहत नाहीं.

आतां सागाकारांनीं या माणसांचें काय केलें तें पाहूं. त्यांच्या कथांत गुलाम येतो तो प्रायः तीन रूपांनीं. पहिलें रूप भ्याडाचें. गीस्लीच्या सागेंत थोर्ड नांवाचा एक अंगापिंडानें मोठा पण भित्रा गुलाम आहे. शत्रु पाठीवर असतांना गीस्ली आपला निळा झगा मोठ्या ममतेनें त्याच्या अंगावर घालतो. गुलाम बक्षिसानें फुशारतो, पाठलाग करणारे त्यालाच गीस्ली समजून भाल्यानें भोसकतात, आणि आपण गीस्लीच्या चातुर्यावर खूष होतों. दुसरें रूप घातक्याचें. नॉर्वेचा हाकोन यार्ल ९९५ सालीं डुकरांच्या खोपटाखालीं लपला असतां त्याच्याच कार्क नांवाच्या गुलामानें त्याचा गळा चिरला. दोघे एकाच रात्रीं जन्मलेले, असें स्नोरी सांगतो. बक्षीस मागावयास गेलेल्या कार्कचें नव्या राजानें शीर उडविलें. आइसलंडच्या वसाहतींचा इतिहास सांगणाऱ्या 'लांडनामाबोक' ग्रंथांत ह्योर्लेइफची हकीकत आहे. त्याच्याजवळ बैल एकच होता, म्हणून आयर्लंडांतून पकडून आणलेल्या दहा गुलामांना त्यानें नांगर ओढावयास लाविलें. त्यांनीं बैल मारला, अस्वलानें मारल्याची हूल उठविली, शोधास आलेल्या धन्याला व त्याच्या सोबत्यांना ठार केलें आणि समोरच्या बेटांत पळून गेले. ह्योर्लेइफचा मानलेला भाऊ इंगोल्फ यानें त्यांना तेथें गांठून मारलें. आयरिश लोकांना नॉर्स लोक 'पश्चिमेकडचीं माणसें' म्हणत. त्या बेटांचें नांव आजहि वेस्टमन बेटें असेंच आहे. इंगोल्फला दुःख वाटलें तें शूर पुरुषास गुलामांच्या हातीं मरण यावें याचें. आणि त्याचें कारण त्याच्या मतें ह्योर्लेइफनें देवांना बळी दिला नाहीं, हें होतें! माणसांना बैलाच्या जागीं जुंपलें होतें, ही गोष्ट ग्रंथकारानें लिहून ठेवली आहे, पण कारण म्हणून नव्हे.

तिसरें रूप सर्वांत आकर्षक आणि म्हणूनच सर्वांत फसवें आहे. तें म्हणजे वेष पालटलेलें राजरक्त. होस्कुल्डनें विकत घेतलेली मुकी बटीक त्याच्या घरीं येते, तिला मुलगा होतो. एके दिवशीं सकाळीं ओढ्याकांठीं होस्कुल्डच्या कानांवर बोलण्याचा आवाज येतो. पाहतो तों ती मुकी स्त्री आपल्या दोन वर्षांच्या मुलाशीं बोलत आहे. तेव्हां ती सांगते कीं आपलें नांव मेलकोर्का, आपण आयर्लंडच्या राजाची मुलगी, आणि पंधराव्या वर्षीं आपणांस पकडून नेलें. सबंध सागा-वाङ्मयांत इतका हृद्य प्रसंग विरळा. ज्याच्या देहावर दुसऱ्याचा हक्क आहे त्याच्याजवळ स्वतःचें म्हणून एक मौन तेवढें उरतें, आणि तें मेलकोर्कानें वर्षानुवर्षें राखून अखेर आपल्या मुलासाठीं मोडलें. हें लिहिणाऱ्याची प्रतिभा अस्सल होय. होस्कुल्डची पत्नी योरुन तिच्या अंगावर मोजे फेकून मारते तेव्हां मेलकोर्का उलट ठोसा मारून तिचें नाक फोडते. तेथें वाचकाच्या तोंडून शाबासकी निघते. मुलाला ती आपली भाषा शिकविते, स्वतः विवाह करून त्याच्या प्रवासाचा खर्च उभा करिते, आणि आयर्लंडचा राजा नातवास ओळखतो.

पण हें सारें तिला लाभतें तें ती राजकन्या म्हणून. सागाकार आपणांस जणूं हळूच सांगत असतो कीं, पाहा, तुमची सहानुभूति वायां गेली नाहीं. जिच्याबद्दल तुम्हांस वाईट वाटलें ती मुळांत गुलाम नव्हतीच. गुलामगिरी हा अन्याय नसून चुकीच्या माणसावर घडलेली चूक आहे, असा त्याचा अर्थ होतो. ती चूक दुरुस्त झाली कीं कथा सुखानें पुढें जाते आणि पडदा पुन्हां खालीं पडतो. उरलेल्या अकराजणी कोणा राजाच्या मुली नव्हत्या. त्यांना एक मार्क हीच ओळख होती. कथेला त्यांची गरज नाहीं असें आम्ही म्हणालों तेव्हां आम्ही गिल्लीच्याच तराजूनें बोलत होतों.

मुक्त झालेल्यांची कथाहि याहून फार निराळी नाहीं. स्नोरीनें एर्लिंग स्क्याल्ग्सन या सरदाराचें मोठ्या गौरवानें वर्णन केलें आहे. त्याच्या वाड्यावर नेहमीं तीस गुलाम असत. दिवसाचें काम नेमून दिल्यावर उरलेल्या वेळांत त्यांनीं स्वतःसाठीं जमीन कसावी, धान्य विकावें आणि ठरलेली किंमत भरून मोकळें व्हावें, अशी त्यानें सोय केली होती. कष्टाळू माणूस एक-दोन वर्षांत, आणि बेताचा माणूस तीन वर्षांत सुटे. हा धनी खरोखरच उदार होता, यांत शंका नाहीं. पण स्नोरी पुढच्याच वाक्यांत, कांहीं विशेष न वाटतां, सांगून जातो कीं त्या पैशांतून एर्लिंग दुसरे गुलाम विकत घेई. नॉर्वेच्या गुलाथिंग कायद्यांत मुक्तीच्या मेजवानीचा विधि आहे. माल्टची मद्ये गाळावयाची, एक मेंढा मारावयाचा, त्याचें डोकें स्वतंत्र जन्मलेल्या पुरुषानेंच उडवावयाचें, आणि धन्यानें मुक्तीची रक्कम त्या मेंढ्याच्या मानेवरून उचलावयाची. गुलामाच्या मानेवरील हक्काचें मोल मेंढ्याच्या मानेवरून घेण्याची ही रीत एखाद्या नाटककारास साधली नसती इतकी स्पष्ट आहे. यानंतरहि जुन्या धन्याची बांधिलकी सुटत नसे. पूर्व नॉर्वेच्या जुन्या ख्रिस्ती कायद्यांत चर्चच्या आवारांत कोणी कोठें पुरावयाचें हेंहि ठरलेलें आहे : सरदार चर्चच्या जवळ, गुलाम कुंपणाच्या भिंतीशीं.

सामाजिक दर्जाचें हें भूत किती पिढ्या मानगुटीस बसतें, याचें एरिक द रेडच्या सागेंत मार्मिक उदाहरण आहे. थोरब्योर्न नांवाच्या प्रतिष्ठित शेतकऱ्याच्या मुलीस, गुद्रीदला, ऐनार नांवाचा देखणा व सधन व्यापारी मागणी घालतो. त्याचा दोष एकच : बाप मुक्त केलेला गुलाम. थोरब्योर्न संतापून म्हणतो कीं माझी मुलगी मी गुलामाच्या पोराला द्यावी, असा सल्ला मला मिळेल असें वाटलें नव्हतें. आणि हा थोरब्योर्न कोण? औड या थोर स्त्रीनें आयर्लंड-स्कॉटलंडकडून बंदिवान म्हणून आणून मोकळ्या केलेल्या विफिलचा मुलगा! सागाकारानें विफिलची हकीकत आधींच सांगितली आहे. येथें तो एक शब्दहि बोलत नाहीं. हें मौन भाबडें आहे कीं मिस्किल, याबद्दल वाद होऊं शकेल. आम्हांस तें मिस्किल वाटतें. पुढें हीच गुद्रीद अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आली आणि तिच्या वंशांत आइसलंडचे बिशप झाले.

मग या वाङ्मयांत गुलामाचा स्वतःचा आवाज कोठेंच नाहीं काय? एके ठिकाणीं आहे, आणि तो जात्यावर आहे. 'ग्रोत्तासोंग' या काव्यांत डेन्मार्कचा फ्रोदी राजा फेन्या आणि मेन्या या दोन राक्षसकन्या स्वीडनमधून विकत आणतो आणि जें मागावें तें दळून देणाऱ्या प्रचंड जात्याशीं त्यांना बसवितो. त्या सोनें दळतात, शांतता दळतात, राजाचें भाग्य दळतात. विसावा किती? कोकिळा गप्प राहील तितका. तेव्हां त्या गाऊं लागतात. आपल्याकडे जात्याशीं बसलेल्या बाईनें ओवींत काय काय सांगितलें आहे, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांस हें नवल वाटणार नाहीं. मात्र या ओवींत माहेर नाहीं, संताप आहे. फ्रोदी, तूं रूप आणि ताकद पाहून आम्हांस घेतलेंस, पण आमचें कुळ विचारलें नाहींस, असा त्यांचा सूर आहे. आणि गातां गातां त्या राजावर शत्रूचें सैन्य दळून काढतात. येथेंहि कवीला राक्षसांचें थोर कुळ आठवावें लागलें, हें खरें. पण सोन्याच्या ढिगापाठीमागें कोणाचे हात आहेत, हें हातांच्याच तोंडून वदविणारी ही एक कविता उत्तरेच्या वाङ्मयांत आहे, आणि आमच्या मतें ती रीग्सथूलेला दिलेलें उत्तर म्हणून वाचावी.

याच्या उलट टोंकास अरब वकील इब्न फदलान यानें ९२२ सालीं व्होल्गा नदीकांठीं डोळ्यांनीं पाहिलेला प्रसंग आहे. एक रूस सरदार मेला. त्याच्याबरोबर कोण जाईल, असें त्याच्या बटकींना विचारण्यांत आलें. एक म्हणाली, मी. एकदां म्हटल्यावर माघार नव्हती. तिला दिवसेंदिवस मद्य पाजलें, गावयास लाविलें. दारासारख्या चौकटीवरून वर उचलल्यावर आपणांस आपले आईबाप दिसतात, असें ती म्हणाली. शेवटीं गलबतावरील तंबूंत पुरुषांनीं तिला धरलें आणि 'मृत्यूची दूती' म्हणविणाऱ्या म्हातारीनें तिच्या फांसळ्यांत सुरा खुपसला. बाहेर उभे असलेले लोक तेव्हां ढालींवर दांडके बडवीत होते. इब्न फदलान कारणहि देतो : तिच्या किंकाळ्या ऐकूं जाऊं नयेत आणि इतर मुलींनीं भिऊन पुढें नकार देऊं नये म्हणून. सतीच्या चितेभोंवतीं वाद्यें कां वाजवीत, हें ज्यांनीं वाचलें आहे त्यांस याहून अधिक सांगावयास नको. येथें लक्षांत घ्यावयाची गोष्ट ही कीं आवाज होता. तो ऐकूं येऊं नये, अशी व्यवस्था होती. वाङ्मयांत एखाद्या वर्गाचा आवाज आढळत नाहीं तेव्हां तो मुका होता, असें समजण्यापूर्वीं ढाली कोण बडवीत होतें, हें पाहणें टीकाकाराचें काम आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो सोडून देण्याजोगा नाहीं. तेराव्या शतकांतील लेखकास आजचा न्याय लावावा काय? त्या काळीं गुलामगिरी कोठें नव्हती? आमचें उत्तर असें : आम्ही त्यास आजच्या कायद्यानें शिक्षा करीत नाहीं, त्याच्याच पुराव्यानें त्याचें अधिक नीट वाचन करीत आहों. सागा लिहिल्या गेल्या तोंवर आइसलंडांतून गुलामगिरी नाहींशी झाली होती. स्वीडनच्या कांहीं भागांत ती पुढें १३३५ सालीं राजाज्ञेनें संपली. म्हणजे सागाकाराला गुलाम गाळून टाकणें अगदीं सोपें होतें. त्यानें तसें केलें नाहीं. बारा आंकडा त्यानें लिहिला, एक मार्क भाव त्यानें लिहिला, माणसांकडून नांगर ओढविल्याचें त्यानें लिहिलें. आयरबिग्या सागेंत गुलाम मारल्यास त्याची बारा औंस चांदी धन्याच्या घरीं तिसऱ्या सूर्योदयापूर्वीं पोंचविली पाहिजे, हा नियमहि त्यानेंच नोंदला. इंगोल्फच्या कार्ली नांवाच्या गुलामाला तर एक वाक्यहि मिळालें आहे. इतक्या सुपीक प्रांतांतून हिंडून अखेर या उजाड भूशिरावर वस्ती करावयाची, हें कांहीं खरें नाहीं, असें तो म्हणाला आणि एका बटकीला घेऊन पळून गेला. तें भूशिर म्हणजे आजचें राजधानीचें शहर रेक्याविक! इतिहासाच्या दृष्टीनें कार्ली चुकला असेल. पण सबंध वसाहतीच्या कथेंत स्वतःचें मत बोलून दाखविणारा तो एक गुलाम आहे, आणि तें लिहून ठेवणाऱ्याच्या कानांची आम्हांस किंमत वाटते.

डेन्मार्कांत होर्निंग येथें एक रूनशिला सांपडली आहे. तोकी नांवाच्या लोहारानें ती आपल्या मृत धन्याच्या स्मरणार्थ उभारली. या धन्यानें आपणांस सोनें आणि स्वातंत्र्य दिलें, असें त्यानें तीवर कोरविलें आहे. गुलाम म्हणून जगलेल्या माणसानें स्वतःच्या नांवानें मागें ठेवलेलें असें लेखन त्या काळांतून फारच थोडें उरलें आहे. त्यांतहि कृतज्ञताच आहे. पण रीग्सथूलेंत थ्रालच्या मुलांना ठेवलेल्या नांवांपैकीं एकहि नांव त्यावर नाहीं. तेथें एका कारागिराचें नांव आहे, त्याचा धंदा आहे, आणि आपण पूर्वीं कोण होतों हें सांगण्याचें धैर्य आहे.

या वर्षीं लाक्सडेला सागा पुन्हां शिकवावयाची आली. पिशवी नेमकी तीन मार्क भरते, हें आम्ही पूर्वींइतकेंच रंगून सांगितलें. कारण तें वाक्य खरोखरच सुंदर आहे आणि त्याचें सौंदर्य नाकारून कोणाचेंच भलें होणार नाहीं. मात्र तेथें थोडें थांबून आम्ही वर्गास विचारलें, पडद्यामागें किती जणी होत्या? बारा, असें उत्तर आलें. त्यांतून एक वजा केल्यावर किती उरल्या, हें आम्हांस विचारावें लागलें नाहीं. गेल्या वर्षींची ती विद्यार्थिनी आतां वर्गांत नाहीं. हा लेख तिच्या वाचनांत आला तर तिच्या प्रश्नाचें उत्तर तिला यांतहि सांपडणार नाहीं. त्या अकराजणींचें काय झालें, हें कोणासच ठाऊक नाहीं. परंतु प्रश्न योग्य होता आणि आमचें हंसणें अयोग्य होतें, एवढें तरी तिला कळावें, अशी इच्छा आहे.